कापसाची राणी



आषाढ लागला की कापडाच्या दुकानात गादीवर बसून रस्ता पाहण्याचे दिवस येतात, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. लग्नसराई उरकलेली असते, शेतकऱ्याच्या हातातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, चातुर्मासामुळे मुहूर्त बंद असतात आणि नवा कापूस घरात येऊन पैसा फिरायला दिवाळी उजाडावी लागते. मोर्णेच्या पलीकडे, नव्या वस्तीत, माझ्या पुतण्याचे साड्यांचे मोठे दालन आहे. यंदा त्याने या मंदीवर एक उपाय शोधला. साडी नेसून मंचावर चालण्याची स्पर्धा ठेवायची, पहिल्या क्रमांकाला मुकुट घालून ‘राणी’ म्हणायचे, आणि भाग घेणाऱ्या प्रत्येकीने साडी त्याच्या दुकानातूनच घ्यायची.

त्याने आधी भाद्रपदातला पहिला रविवार ठरवला. तो पर्युषणात येतो हे त्याच्या आईने लक्षात आणून दिले. पुढे दशलक्षण, म्हणजे आपलीच निम्मी गिऱ्हाइके उपवासाला. त्याच्या पुढे पितृपक्ष, त्यात नवे कापड कोणी अंगाला लावत नाही. शेवटी घटस्थापनेच्या आधीचा एक दिवस कसाबसा सापडला. तारीख पक्की झाल्यावर तो जुन्या शहरातल्या आमच्या वाड्यावर आला, पाया पडला आणि म्हणाला, “काकीजी, तुम्ही परीक्षक व्हायचं. तुम्ही बसलात की गावात कोणी नावं ठेवणार नाही.”

मी विचार करून सांगते म्हणाले. संध्याकाळी कळले की माझ्या नातीने त्याच स्पर्धेचा अर्ज आधीच भरला आहे. रात्रीच्या आत ही गोष्ट जेठजींच्या कानावर गेली. त्यांचे वय ब्याऐंशी. त्यांनी मला थेट काही विचारले नाही, आमच्या घरात तशी रीत नाही; पण माझ्या मुलाला उद्देशून, मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ते बोलले, “घरची लेक दुकानाच्या पाटीवर लावायची का?”

हा प्रश्न मला महिनाभर पुरला. त्याचे उत्तर शोधताना मी जे वाचले, आठवले आणि पडताळले, ते या महिन्याच्या पानात मांडते आहे.

प्रथम हे सांगायला हवे की पुतण्याची कल्पना त्याला वाटते तितकी नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी ती एका समुद्रकाठच्या गावातल्या व्यापाऱ्यांना सुचली होती, आणि कारणही अगदी हेच होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर अटलांटिक सिटी नावाचे गाव आहे. उन्हाळ्यात तिथे हवापालटाला गर्दी उसळे. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी त्यांच्या कामगार दिनाची सुट्टी असते. ती संपली की पाहुणे बिऱ्हाड आवरून परतत आणि हॉटेले, खाणावळी, किनाऱ्यावरची दुकाने ओस पडत. हंगाम आणखी आठवडाभर लांबावा म्हणून तिथल्या व्यापारी मंडळींनी १९२१च्या सप्टेंबरात जो उत्सव भरवला, त्यात स्नानवेशातील तरुणींची स्पर्धा हे मुख्य आकर्षण ठेवले. शेजारच्या शहरांतील वृत्तपत्रांनी वाचकांकडून छायाचित्रे मागवून आपापल्या शहराची मुलगी निवडली. त्यात त्यांचाही खप वाढला. पहिली निवड झाली ती वॉशिंग्टनच्या मार्गारेट गॉर्मन हिची. तेव्हा तिला नुकते सोळावे पूर्ण झाले होते. पुढच्या वर्षापासून या किताबाला ‘मिस अमेरिका’ म्हणू लागले.

एरवी त्या किनाऱ्यावर स्त्रियांच्या पोशाखाचे कडक नियम होते. गुडघे उघडे दिसले, पायमोजे नीट चढवलेले नसले तर हटकायला पहारेकरी असत. स्पर्धेपुरता मात्र तो नियम शिथिल करण्यात आला. जे एकट्या स्त्रीने स्वतःच्या सोयीने केले तर अपराध, तेच व्यापाऱ्याने तिकीट लावून करवले तर उत्सव! आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अमेरिकेतील स्त्रियांना मतदानाचा घटनादत्त हक्क मिळाला तो १९२० साली. बाया केस कापू लागल्या होत्या, नोकऱ्या करू लागल्या होत्या, मोटारी हाकू लागल्या होत्या. अशा वेळी परीक्षकांनी निवडली ती लहानखुरी, लांब कुरळ्या केसांची, शाळकरी मुलगी. समाजात एक स्त्री उभी राहत होती आणि मंचावर दुसरीच उभी केली जात होती. १९२८ साली हॉटेलवाल्यांनाच वाटू लागले की या प्रकाराने गावाची अब्रू जाते आणि घरंदाज गिऱ्हाईक बिचकते. त्यांनी हात काढून घेतला आणि स्पर्धा काही वर्षे बंद पडली. म्हणजे नीतीचा हिशेबही अखेर गल्ल्यावरच झाला.

इथवर वाचून कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या गावाशी आपल्याला काय करायचे? वऱ्हाडाला तर समुद्रच नाही. मुंबईच्या गाडीत एक रात्र काढावी तेव्हा कुठे भरती-ओहोटी दिसायची. पण माझे मन ज्या स्पर्धेवर अडकले ती दुसरीच आहे, आणि तिचा धागा थेट आपल्या काळ्या मातीपर्यंत येतो.

१८६०च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना जगभरातून कापूस शोधावा लागला. वऱ्हाडात रेल्वे आली ती याच लगबगीत. १८७० साली खामगावला खास फाटा काढण्यात आला, पाठोपाठ अमरावतीलाही. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज मारवाडातून, गुजरातेतून या मुलखात स्थिरावले त्याचे एक मोठे कारण हा कापूसच. पुढे लँकेशायरची पसंती पुन्हा लांब धाग्याच्या अमेरिकन कापसाकडे वळली, पण कापडाचा ओघ इकडे वाहतच राहिला. पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९१३ साली, लँकेशायरहून हिंदुस्थानात सुमारे ३०० कोटी वार कापड आले. तो कळस होता. नंतर जपानचा माल आला, मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या वाढल्या, आयात कर वाढले, जगभर मंदी आली आणि त्यावर बहिष्काराची चळवळ. १९३०च्या दशकात त्या ओघाची धार उरली.

त्याच लँकेशायरच्या गिरणी कामगारांचा समुद्र म्हणजे ब्लॅकपूल. वर्षातून एक आठवडा एकेका गावाच्या गिरण्या बंद ठेवण्याची तिथे प्रथा होती. रजेचा पगार मिळत नसे. वर्षभर भिशीसारखे पैसे साठवून सगळे गाव आगगाडीत बसून समुद्रावर जाई, आणि आठवडाभर चिमणीतून धूर निघत नसे. १८९४ साली तिथे उंच लोखंडी मनोरा उभा राहिला. नाचघरे, सर्कशी, किनाऱ्यावरचे खेळ सगळे त्या श्रमिकांच्या पैशांवर चालत. गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या तेव्हा, १९३० साली, एका वृत्तपत्राच्या पुढाकाराने याच ब्लॅकपूलला ‘कॉटन क्वीन’ निवडली गेली. कापसाची राणी. अट एकच मोठी होती: उमेदवार गिरणीत काम करणारी हवी. गावोगाव आधी गावची राणी निवडली जाई आणि मग त्या सगळ्या समुद्रकाठी जमत. पहिली राणी झाली हाइड गावची फ्रान्सिस लॉकेट. वय एकोणीस, काम मागावर विणकरणीचे.

तिने पुढे वर्षभर काय करायचे होते? कापड विकायचे होते. मुकुट घालून प्रदर्शनांना, दुकानांना, सभांना जायचे आणि लोकांनी सुती कापड घ्यावे म्हणून हसतमुखाने उभे राहायचे. युद्ध सुरू होईपर्यंत दरवर्षी अशी एक राणी निवडली जात राहिली. मला यात एक गोष्ट खरोखर आवडली, ती सांगायला हवी. त्याआधी गिरणीतली बाई म्हणजे शालीत गुरफटलेली, पायांत लाकडी तळव्यांचे जाड जोडे, कानठळ्या बसवणाऱ्या मागांमुळे ओठांच्या हालचालीवरून बोलणे समजून घेणारी, असे चित्र होते. सभ्य घरांत तिच्याकडे कीव येऊन पाहिले जाई. या स्पर्धेने तिचे नाव छापले, तिचा हुद्दा छापला, तिच्या कामाला कौशल्य म्हटले. पण ज्या चेहऱ्यांना फोटोत जागा नव्हती, ज्यांच्या मागावर त्याच वर्षी कायमची धूळ बसली, त्या बायांना या मुकुटाचा काय उपयोग झाला असेल, हाही प्रश्न मनातून जात नाही.

आता तेच १९३० साल इकडचे पाहू. एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीला मीठ उचलले. वऱ्हाडाला समुद्र नसला तरी पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा आहे; अकोल्याजवळच्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून आपल्या लोकांनी कायदा मोडला. पावसाळ्यात पुसदला लोकनायक बापूजी अणे यांचा जंगल सत्याग्रह झाला. आणि बाजारपेठांतून विलायती कापडाच्या दुकानांपुढे खादी नेसलेल्या स्त्रिया हात जोडून उभ्या राहू लागल्या.

आमचे दुकान तेव्हा वाड्याच्याच दर्शनी भागात होते, आणि माल बहुतेक विलायती. माझ्या आजेसासूबाई त्या वेळी पंचवीस वर्षांच्या. वाड्याच्या आतल्या जाळीतून त्यांनी जे पाहिले, ते मी लग्न होऊन आल्यावर त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकले आहे. सकाळी चार बाया आल्या आणि ओट्याच्या पायरीवर बसल्या. त्यांत एक ओळखीच्या वकिलांच्या घरची. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. येणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या नमस्कार करीत, बस्स. दुपारी ऊन चढले तेव्हा आजेसासूबाईंनी गाळलेल्या पाण्याचा तांब्या मोलकरणीच्या हाती बाहेर धाडला. आजेसासऱ्यांना ते रात्री कळले. “शत्रूला पाणी पाजलंस,” ते म्हणाले. “तहानेला कसला शत्रू,” असे उत्तर आपण दिले, असे त्या सांगत. खरेच दिले की नंतर मनात रचले, देव जाणे. त्या काळच्या बाईने नवऱ्याला असे उत्तर दिले असेल यावर माझा अर्धाच विश्वास आहे. आठवड्याने मात्र आजेसासऱ्यांनी विलायती तागे पेट्यांत भरले आणि पंचांसमक्ष त्यांवर मोहोर लावली.

पेट्या भरताना एक काम आजेसासूबाईंनी गुपचूप केले. विलायती ताग्यांवर तेव्हा रंगीत चित्रे चिकटवलेली असत. ज्यांना वाचता येत नसे त्यांना मालाची ओळख त्या छापावरून पटे. लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला, वीणा घेतलेली बाई, आरशात पाहणारी बाई. राजा रविवर्म्याने घराघरांत पोचवलेल्या चेहऱ्यांच्याच त्या बहिणी. छापलेल्या मँचेस्टरच्या बाजूला, चिकटवलेल्या आपल्या दुकानात. आजेसासूबाईंनी ओल्या फडक्याने त्यांतली पंधरा-वीस चित्रे सोडवून दागिन्यांच्या डब्याच्या तळाशी ठेवली. तो डबा आता माझ्याकडे आहे. जेठजींचा प्रश्न ऐकल्यावर मी तो उघडला. बाई दुकानाच्या पाटीवर होतीच की; आपल्या घरची नव्हती एवढेच.

एकाच वर्षी, एकाच कापडासाठी, ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर एक एकोणीस वर्षांची विणकरीण मुकुट घालून उभी होती आणि अकोल्यात आमच्या पायरीवर एक वकिलीणबाई हात जोडून बसली होती. एक म्हणत होती घ्या, दुसरी म्हणत होती घेऊ नका. दोघींनाही पहिल्यांदाच चारचौघांत उभे राहण्याला मान मिळत होता. १९३१च्या सप्टेंबरात गांधीजी गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात असताना लँकेशायरच्या डार्वेन गावी गेले. बहिष्काराने ज्यांचे काम गेले त्यांनाच भेटायला. त्या वेळचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे: मध्ये उपरण्यातले गांधीजी आणि भोवती आनंदाने ओरडणाऱ्या गिरणीतल्या बाया. मी ते भिंगाखाली पाहिले. त्या गर्दीतली एकही बाई स्वतःला सुंदर दाखवायचा प्रयत्न करीत नाही, आणि म्हणूनच की काय, त्या चित्रावरून नजर हलत नाही.

सौंदर्याचे प्रदर्शन म्हटले की आपल्या मनात एक जुनी कथा येतेच. श्वेतांबर परंपरेत मल्ली ही राजकन्या, दिगंबर परंपरेत मल्लिनाथ पुरुष. अकोल्यात दोन्ही मंदिरांत माझे जाणे-येणे असल्याने त्या मतभेदात मी शिरत नाही. ज्ञाताधर्मकथेतली कथा एवढीच की तिच्या रूपाची कीर्ती ऐकून सहा राजे चालून आले, तेव्हा तिने आपलीच एक सुवर्णमूर्ती करवली. मूर्ती आतून पोकळ, डोक्यावर झाकण. रोज जेवणातला एक घास ती त्यात टाकीत असे. राजे मूर्ती पाहून भुलले आणि तिने झाकण उघडले. लहानपणापासून आपण हिचा अर्थ देहाची अशुची असा ऐकत आलो, आणि तो खराच आहे. पण या महिन्यात ती कथा नातीला सांगताना ती पटकन म्हणाली, “दादी, पण मूर्ती तिनंच बनवून घेतली ना? आणि झाकणही तिच्याच हातात होतं.” इतक्या वर्षांत इतकी व्याख्याने ऐकली, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

अटलांटिक सिटीच्या मंचावर झाकण कोणाच्या हातात होते हे उघड आहे. पण अधूनमधून एखादी ते हिसकावून घेते. १९४५ साली बेस मायरसन ही ज्यू मुलगी ‘मिस अमेरिका’ झाली. नाव बदल म्हणून तिला सुचवण्यात आले होते. तिने बदलले नाही. त्या वर्षी प्रथमच पाच हजार डॉलरची शिष्यवृत्ती ठेवलेली होती आणि तिला शिकायचे होते. १९५१च्या विजेतीने मुकुट मिळाल्यावर स्नानवेशात मिरवायला नकार दिला. पोशाख बनवणारी कंपनी चिडली, पाठिंबा काढून घेतला आणि कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच या किनाऱ्यावर १९५२ साली आपली वेगळी स्पर्धा उभारली. तीच ‘मिस युनिव्हर्स’. तिकडे लंडनमध्ये १९५१ साली नाचघरे चालवणाऱ्या एका कंपनीच्या एरिक मॉर्ले यांनी राष्ट्रीय महोत्सवाच्या गर्दीचा फायदा घेत बिकिनीची स्पर्धा घेतली. तिला वृत्तपत्रांनी ‘मिस वर्ल्ड’ म्हटले. आज जगभर गाजणारी ही नावे, पण दोन्हींच्या मुळाशी दुकानदारच. लाँग बीचच्या त्या पहिल्याच स्पर्धेत भारतातून गेल्या त्या इंद्राणी रहमान, नामवंत नर्तकी, विवाहित आणि एका मुलीच्या आई. त्याआधी १९४७ साली ‘मिस इंडिया’ झालेल्या प्रमिला, म्हणजे एस्थर अब्राहम, याही संसारी होत्या. आपल्याकडची सुरुवात अशी, कोवळ्या सोळा वर्षांची नव्हे.

आणि मग १९६६. हे मला वाचावे लागले नाही, आठवते. मी चौदा वर्षांची होते. नोव्हेंबरातल्या एका सकाळी वडिलांनी वृत्तपत्र उघडले, चटकन मिटले आणि उशीखाली ठेवले. अर्थातच दुपारी आम्ही बहिणींनी ते काढले. मुंबईची रीता फारिया लंडनला ‘मिस वर्ल्ड’ झाली होती. हा किताब मिळवणारी पहिली भारतीय. आईवडील गोव्याचे, मुलगी ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकणारी. तिने नंतर मुलाखतींतून सांगितले आहे की साडी काय नि स्नानवेश काय, उसने घेऊन ती गेली होती. माझ्या बहिणींनी चित्र पाहिले. मी खालची ओळ वाचली: वैद्यकीय विद्यार्थिनी. मुलगी डॉक्टर होण्यासाठी शिकू शकते, हे मला एका सौंदर्यस्पर्धेच्या बातमीने सांगितले.

मला शास्त्र विषय आवडत असे. मॅट्रिकला गुण चांगले पडले. पुढे शिकण्याचा प्रश्न आला तेव्हा घरात कोणी रागावले नाही, कोणी नाही म्हटले नाही. फक्त त्या उन्हाळ्यात पाहुणे येऊ लागले. पहिल्याच पाहुण्यांपुढे मला खुर्चीवरून उठून दारापर्यंत चालत जायला सांगितले, पाय अधू नाही ना हे पाहायला. दुसऱ्यांनी केस सोडायला सांगितले. एका बाईंनी माझा हात घेऊन खिडकीपाशी, उजेडात, स्वतःच्या मनगटाशेजारी धरला. त्या खोलीत मुकुट नव्हता आणि परीक्षक सगळे नात्यातले होते. रीता फारियाने वर्षभराचा करार संपल्यावर मॉडेलिंग सोडले, लंडनला शिक्षण पुरे केले, डॉक्टर झाली आणि पुढे आयर्लंडात स्थायिक झाली. मी अकोल्यात स्थायिक झाले. संसाराबद्दल माझी तक्रार नाही, पण ती ओळ मी विसरले नाही.

१९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय यांनी एकाच वर्षी दोन किताब आणले, बाजार नुकता खुला झाला होता आणि गोरेपणाच्या मलमांपासून केसांच्या रंगापर्यंत सगळे आपल्या गल्लीतल्या जनरल स्टोअर्समध्ये येऊन बसले. १९९६ साली बंगळुरूला ‘मिस वर्ल्ड’ भरली तेव्हा एवढा विरोध झाला की स्नानवेशाची फेरी सेशेल्स बेटांवर न्यावी लागली. २०१८ साली ‘मिस अमेरिका’ने ती फेरीच रद्द केली. जिथून गोष्ट सुरू झाली तो समुद्र शेवटी गोष्टीतून गेला. मापे मात्र गेली नाहीत.

ती कुठे आहेत हे पाहायला लांब जायला नको. आपल्या समाजाचे परिचय मेळावे भरतात. हेतू उत्तम आहे, आणि माझ्या दोन भाच्यांची लग्ने तिथेच जमली हे मी कृतज्ञतेने सांगते. पण मंच असतो, ध्वनिक्षेपक असतो, मुलगी येऊन नाव, शिक्षण, गोत्र सांगते, आणि समोर बसलेल्यांच्या हातातल्या पुस्तिकेत तिच्या नावापुढे उंची आणि वर्ण छापलेला असतो. ‘गोरा’, ‘गव्हाळ’, ‘निमगोरा’. मुलांच्या यादीत वर्णाचा रकाना कितीदा रिकामा असतो, हे वाचकांनी एकदा मोजून पाहावे. आपल्या याच मासिकाच्या मागच्या पानांतही या शब्दांची वाण नाही. संपादक हा परिच्छेद छापतील अशी मी आशा करते. जेठजींच्या प्रश्नात राग होता तो मला मान्य आहे. तो राग तिकडेही थोडा वळावा, एवढेच.

पुतण्याला मी बोलावून घेतले. त्याने स्पर्धेचा छापील अर्ज आणला होता. त्यात उंची, वजन आणि वर्ण असे तीन रकाने होते. कशाला, म्हणून विचारले तर म्हणाला, नमुना बाहेरून आणला, तसाच छापला. मी तिन्ही रकाने शाईने खोडले आणि त्यांच्या जागी, नेसलेले कापड कोणते, कुठे विणले, धागा कोणता, हे लिहायला सांगितले. तो हसला. “काकीजी, हे तर आमच्या सेल्समनलाही येत नाही.” मग त्यांनाही बसव म्हटले.

नात दाराशी उभी राहून ऐकत होती. रात्री माझ्या अंथरुणाशी येऊन बसली. “दादी, तू परीक्षक झालीस तर मला नाव मागे घ्यावं लागेल. मी जिंकले तर लोक म्हणतील घरातच दिलं, हरले तर म्हणतील घरच्यांनाच पसंत नाही.” भाग का घ्यायचा आहे, असे मी विचारले. मंचावर चालायला आवडते, म्हणाली. आणि बक्षिसाच्या पैशांतून तिला पुण्याच्या प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीचे शुल्क भरायचे आहे. ते आपण भरू, मी म्हणाले. “ते माहीत आहे,” ती म्हणाली, “पण मला माझे भरायचे आहेत.”

दुसऱ्या दिवशी मी पुतण्याला निरोप धाडला की परीक्षक दुसरा शोध, मी प्रेक्षकांत बसेन. जेठजींनाही मुलाकरवी कळवले. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग कार्यक्रम किती वाजता संपतो हे विचारले, कारण त्यांचे चोविहार असते आणि नातीला सोबत म्हणून कोणी तरी हवेच. संध्याकाळी पाचला संपवायचे पुतण्याने कबूल केले आहे.

नातीने नेसायला माझ्याकडे साडी मागितली. रेशमी दाखवल्या, तिने घेतल्या नाहीत. पेटीच्या तळाशी आजेसासूबाईंची एक जाड सुती साडी आहे, १९३०च्या त्या पावसाळ्यानंतर घेतलेली, हातमागाची, काठ विटलेला. नियमाप्रमाणे साडी पुतण्याच्या दुकानातलीच हवी. त्यावर सध्या काका-पुतणीची बोलणी चालू आहेत.